बापावर गेलेली

माझं तोंड माझ्या वडिलांचं आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही. ज्याला पटत नसेल त्यानं आमच्या गारखेड्याच्या घरी यावं, भिंतीवरचा फोटो बघावा आणि मग मला बघावं. तेच रुंद कपाळ, मध्ये जुळलेल्या भुवया, पुढच्या दोन दातांत फट आणि डावा कान उजव्यापेक्षा जरा बाहेर आलेला. फोटोतल्या माणसाला मिशी आहे, मला नाही, एवढाच काय तो फरक. माझ्या बारशाला आलेल्या बायकांनी पाळण्यात डोकावून एका सुरात सांगितलं होतं म्हणे, "बापावर गेली गं! नशीब काढलं पोरीनं." बापाच्या तोंडवळ्याची मुलगी सुखी आणि आईच्या तोंडवळ्याचा मुलगा सुखी, असं आमच्याकडं मानतात. माझ्या पाठीवर भाऊ झाला, तो आईवर गेला. गोरा, नाकेला, भुवया नीट वेगवेगळ्या. म्हणजे आम्हा दोघांच्याही नशिबात सुखच सुख असायला हवं होतं.

वडील पैठण रोडला, चितेगावच्या एका कंपनीत फिटर होते. मूळ गाव गंगापूरकडचं. शेती थोरल्या काकांकडं आणि नोकरी वडिलांकडं, अशी दोघा भावांनी वाटणी करून घेतली होती. वडिलांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. सुपारीसुद्धा खात नव्हते. आणि तरी त्यांची नोकरी दारूपायी गेली.

आधी त्यांच्या हातून पाना निसटायला लागला. मग बसल्या जागी पाय आपोआप उडायला लागला, खांदा वर चढायला लागला, चालताना झोकांड्या जायला लागल्या. कंपनीच्या बसमधून उतरताना एकदा पडले. सुपरवायझरनं सगळ्यांसमोर त्यांच्या तोंडाचा वास घेतला. वास आला नाही, तेव्हा तो म्हणाला, "हल्ली वास न येणारी पण मिळते." त्यांना घरी बसवलं. गल्लीतली पोरं त्यांच्या मागून त्यांच्यासारखीच चालायची आणि खिदळायची. मी त्यातल्या एकाच्या कानाखाली जाळ काढला होता. त्याची आई भांडायला आली तर तिलाही चार शब्द सुनावले. तेव्हापासून मी गल्लीत 'तोंडाळ' म्हणून ओळखली जाते, आणि ते बरोबरच आहे.

पण खरं दुःख हालण्याचं नव्हतं. आवाज न चढवणारा माणूस ताट भिरकावायला लागला. आईचं नाव विसरायला लागला. घास गिळताना ठसका लागून डोळे पांढरे व्हायचे. आईनं गंगापूरच्या देवीपासून खुलताबादच्या दर्ग्यापर्यंत सगळीकडं डोकं टेकवलं. शेवटी एका मेंदूच्या डॉक्टरांनी थोरल्या काकांना समोर बसवून विचारलं, "तुमच्या वडिलांना असं काही होतं का?" काका म्हणाले, "व्हय. आमचे बाबा पण शेवटी शेवटी लई हालायचे." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं, की हा आजार रक्ताच्या नात्यातून खाली उतरतो आणि याला औषध नाही. त्यांनी त्याचं नावही सांगितलं. कुण्या जुन्या परदेशी डॉक्टरचं आडनाव होतं, ते आमच्यात कुणाच्या तोंडात बसलं नाही. आमच्या घरात त्याला नुसतं 'हालणं' म्हणतात.

वडील गेले तेव्हा मी बीएस्सीला होते. तेराव्याचं जेवण उरकलं, पाहुणे मांडवातच पाय पसरून बसले होते, आणि थोरल्या काकांनी सुपारी कातरता कातरता तो नियम सांगितला, ज्यानं पुढं आमच्या घराचं सगळं ठरवलं. त्यांनी त्याच्यावर पुष्कळ विचार केला होता, हे दिसत होतं.

"आमच्या बाबांचं तोंड घेतलं माझ्या भावानं. त्याला हालणं लागलं. मी गेलो आईवर. बघा." त्यांनी सुपारीसकट अडकित्ता पुढं धरला. हात दगडासारखा स्थिर. "पन्नाशी उलटली, अजून सुईत दोरा ओवतो. आमच्यात बापावर गेलं त्यालाच हे लागतं. आईवर गेलं त्याला काय नाय."

मांडवातली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. आई माझ्या शेजारी बसली होती. तिनंही बघितलं, आणि उठून माझ्या भावाजवळ जाऊन बसली.

मी म्हणाले, "काका, तोंडवळ्याचा आणि आजाराचा काही संबंध नसतो."

"तुझं तोंड कुठून आलं?"

"बाबांकडून."

"आणि हालणं कुठून येतं?"

"बाबांकडूनच, पण..."

"मग? एकाच गाडीत आलं ना गं सगळं सामान?"

बायाबापड्यांनी माना डोलावल्या. त्या वाक्यात वरवर बघता काहीच चूक नव्हती. पुढं मी शहरातल्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायला लागले. दर वर्षी आनुवंशिकतेचा धडा आला की मी पोरांना जे शिकवते, ते खरं तर मांडवात बसलेल्या त्या काकांना दिलेलं उत्तर असतं.

मी सांगते, की शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत एक बारीक, लांबच लांब धागा गुंडाळून ठेवलेला असतो. तोच डीएनए. धागा दुपदरी असतो आणि त्यात चारच प्रकारचे दुवे असतात. ए, टी, जी आणि सी. एका पदरात ए असेल तर समोर टीच बसतो, जीच्या समोर सीच बसतो. म्हणून दोन पदर सोडवले, की प्रत्येक पदरावरून दुसरा पुन्हा जसाच्या तसा विणता येतो. एका पेशीच्या दोन पेशी होतात तेव्हा हेच चालतं. या चार अक्षरांना सुटं सुटं काही म्हणणं नसतं. बाराखडीतल्या अक्षरांना तरी कुठं असतं? ओळीनं लावली, की त्याच अक्षरांतून आरतीही होते आणि शेजारणीची चुगलीही. इथं तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द असतो. तो सांगतो की प्रथिन बनवताना पुढचा तुकडा कुठला लावायचा. शरीर चालतं ते या प्रथिनांवर. धाग्यावरच्या ज्या पट्ट्यात एखाद्या प्रथिनाची अशी सगळी कृती लिहिलेली असते, तो जीन.

इथंपर्यंत पोरं लिहून घेतात. खरी गोष्ट पुढं आहे. सामान एका गाडीत येत नाही. ते तेवीस गाड्यांत, म्हणजे गुणसूत्रांत, येतं. बापाकडं प्रत्येक गाडीच्या दोन आवृत्त्या असतात, एक त्याच्या आईकडून आलेली आणि एक त्याच्या बापाकडून. मूल होताना तो प्रत्येक जोडीतली एकच देतो. कुठली, हे कुणी ठरवत नाही. वाटेत दोन्ही गाड्या आपसांत थोडं सामान बदलूनही घेतात. आईचंही तसंच. कपाळ, नाक, भुवया, दातांतली फट, हे सगळं मिळून असंख्य ठिकाणांवरून ठरतं आणि ती ठिकाणं साऱ्या गाड्यांत पांगलेली असतात. आमचं हालणं मात्र एकाच ठिकाणी आहे, चौथ्या गाडीत. आजोबांचं सगळं तोंड घेऊनही आजीची धडधाकट चौथी गाडी मिळू शकते. आणि आईचं गोरं नाक घेऊनही आजोबांची चौथी गाडी मिळू शकते.

त्या जागी बिघाड काय असतो, तेही सांगते. पाढे म्हणताना लहान पोर कधी कधी एकाच ओळीवर अडकतं. बे चोक आठ, बे चोक आठ, बे चोक आठ. तसं त्या जीनमध्ये 'सीएजी' हा एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. तो सगळ्यांच्यातच येतो, काही वेळा येऊन थांबतो आणि कृती पुढं सरकते. आमच्यासारख्या घरांत तो चाळीस वेळा येऊनही थांबत नाही. मग प्रथिन लांबलचक, चिकट होतं आणि मेंदूतल्या पेशी एकेक करून मरायला लागतात. दुसरी चांगली आवृत्ती असून उपयोग नसतो, एक बिघडलेली पुरते. म्हणून अशा माणसाच्या प्रत्येक मुलाला निम्मी भीती. प्रत्येकाला वेगळी, नव्यानं. एकाला लागलं म्हणून दुसरं सुटत नाही, एक सुटलं म्हणून दुसऱ्याला लागत नाही.

हे सगळं मी फळ्यावर लिहिते. कुणाचं घर आहे हे सांगत नाही.

माझ्यासाठी स्थळं येत होती आणि परत जात होती. त्यात थोरल्या काकांचा मोठा वाटा होता. काका लबाड नव्हते, तेच तर दुखणं होतं. ते प्रत्येक पाहुण्याला बाजूला घेऊन सांगायचे, "कुणाची फसवणूक नको. पोरगी हुशार हाय, नोकरी हाय, पण बापावर गेलीय." पैठणचा एक मुलगा मला मनापासून आवडला होता. चहा पिताना त्यानं मला दोनदा हसवलं होतं. त्याच्या वडिलांनी काकांचं ऐकलं, भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं, आणि पोहे अर्धे टाकून उठले. पुढं काकांनी स्थळं बघणंच बंद केलं. आईनंही विषय काढला नाही. माझ्यापुरता निकाल लागला होता, कुठलीही तपासणी न होता.

भावाचं लग्न ठरलं तेव्हाचा प्रसंग मला अजून टोचतो. मुलगी सिल्लोडकडची, वडील मक्याचे व्यापारी. त्यांच्या कानावर हालण्याची गोष्ट गेलेली होती. ते आमच्याकडं आले, पाणी प्यायले आणि काकांना म्हणाले, "तुमच्या भावाचा फोटो खाली काढता का जरा?" काकांनी फोटो काढला, धोतराच्या सोग्यानं काच पुसली आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो माझ्या भावाच्या गालाजवळ धरला. कपाळ बघितलं, भुवया बघितल्या. त्याला दात दाखवायला लावले. मग फोटो उचलून माझ्या तोंडाजवळ आणला. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. ते मान हलवून म्हणाले, "बराबर हाय. पोरीत उतरलंय, पोरात नाय." आणि साखरपुड्याची तारीख ठरली.

ट्रे आत नेऊन मी आईला म्हणाले, "त्याची तपासणी करून घेऊ. रक्त द्यायचं, बाकी काही नाही. त्या पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

आई म्हणाली, "त्याला कशाला? तो माझ्यावर गेलाय."

"आई, तसं नसतं."

तिनं गॅस बारीक केला. "तुझं झालं नाही म्हणून त्याचं मोडू नको, बाई."

मी ट्रे विसळून पालथा घातला. भावालाही मी बोलले होते. तो हसून म्हणाला, "आक्का, तुला एवढी काळजी असंल तर आधी तू तपास." आणि मी तपासत नव्हते. का नाही, तर भीती वाटत होती, दुसरं काही नाही. तोंडवळ्याचा संबंध नसतो हे मला माहीत होतं. पण निम्मी शक्यता तर होतीच ना! घरात कधी माझ्या हातून चमचा पडला, की आई माझ्या बोटांकडं बघायची. मीही रोज सकाळी न्हाणीघरात दात घासताना एका पायावर उभी राहून बघायचे, तोल जातो का. शिकवायला एक आणि जगायला एक, असं चाललं होतं.

भावाला मुलगी झाली. बारशाला बायका पाळण्यावर वाकल्या आणि एकमेकींकडं बघायला लागल्या. रुंद कपाळ, कोवळ्या भुवया मध्ये जुळू बघणाऱ्या. एकीनं शेवटी म्हणूनच टाकलं, "अगं बाई, ही तर आत्यावर गेली." आईचा चेहरा पांढरा पडला. काकांनी तिला समजावलं, "बापालाच नाय तर पोरीला कुठून येईल?" चुकीच्या नियमावरून काढलेला हा निष्कर्ष तेवढा बरोबर होता. भावात नसेल तर भाचीत असूच शकत नव्हतं. सगळं त्या 'नसेल'वर टांगलेलं होतं.

माझ्या भावाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, औरंगपुऱ्याकडं. चिमटा, भिंग आणि मुंगीएवढे स्क्रू. त्याच्यासारखा हात बाजारात नव्हता. दुसऱ्यांनी हात टेकलेले मोबाईल त्याच्याकडं यायचे. शेजारी कव्हर विकणारे एक चाचा होते, त्यांनी एकदा मला रस्त्यात थांबवून विचारलं, "मॅडम, भाई के हाथ को क्या हुआ? दिन भर स्क्रू गिरा रा. मैंने उसके स्टूल के नीचे चुंबक रख दिया, उसको बोलना नक्को." मी ऐकलं आणि तिथंच एका दुकानाच्या पायरीवर बसले. घरी आल्यावर भावाला बघितलं. तो टीव्हीपुढं बसला होता आणि त्याचा उजवा पाय उडत होता. त्याला स्वतःला ते कळतही नव्हतं.

भावजय मला कॉलेजच्या गेटवर येऊन भेटली. घरात आईपुढं बोलण्याची तिची छाती नव्हती. म्हणाली, "ताई, काल त्यांनी पोरीच्या अंगावर ताट फेकलं. मग रडत बसले, म्हणले मला कळलंच नाय मी काय केलं. ताई, तुम्ही हेच शिकवता ना? मला खरं सांगा." मी तिला खरं सांगितलं. ती गेटच्या गजाला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "माझ्या वडलांनी फोटो लावून बघितला होता हो."

भावाला तपासणीला तयार करायला फार दिवस गेले. आई म्हणायची कॅल्शियम कमी आहे, काका म्हणायचे मोबाईलच्या किरणांनी होतं. शेवटी तो एका अटीवर तयार झाला. "आक्का, तू पण रक्त दे. तुझं आलं की माझी खात्री पटंल." तो हे इतक्या भोळेपणानं बोलला, की मला राग यायला वेळ लागला. त्याच्या मनात ते एकच गाठोडं होतं आणि ते आमच्या दोघांतल्या एकाच्या डोक्यावर असणार होतं. माझ्यात निघालं, की तो सुटला. मी सांगितलं, दोघांनाही असू शकतं, दोघांनाही नसू शकतं. त्यानं मान डोलावली, पण तो ऐकत नव्हता. मी कबूल झाले, कारण दुसऱ्या कशानं तो आला नसता.

दवाखान्यातल्या बाई शांत होत्या. त्यांनी आधी बराच वेळ नुसतं समजावलं. कळल्यावर ते न कळल्यासारखं करता येत नाही, म्हणून अजूनही नको म्हणता येईल, असं दोघांनाही वेगवेगळं सांगितलं. रक्त पुण्याला गेलं. निकालाच्या दिवशी मला पहिल्यांदा आत बोलावलं.

"तुमच्यात नाही," त्या म्हणाल्या.

मला जे वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. आनंद झाला. बेशरम, गरम, पोटातून वर येणारा आनंद. एवढी वर्षं एका पायावर उभी होते, ती दोन्ही पायांवर आले. पैठणचा तो मुलगा आठवला. मग लगेच डोळ्यांपुढं अर्धे टाकलेले पोहे आले आणि असा संताप आला, की समोरच्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

मी बाहेर आले. भाऊ बाकावर बसला होता, पाय उडत होता. त्यानं वर बघितलं, माझा चेहरा वाचला, आणि त्यावरून त्याला त्याचं कळलं. काकांच्या नियमानं कळलं, चुकीच्या रस्त्यानं कळलं, पण कळलं. मी म्हणत राहिले, "अरे, असं नसतं, माझं नाही म्हणजे तुझं आहे असं नाही." तो उठला आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा एवढंच म्हणाला, "चल आक्का, दुकान उघडायचंय."

घरी आईला मीच सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही. तव्यावर भाकरी टाकून, पाण्याचा हात फिरवून ती म्हणाली, "तुझ्या वाट्याचं होतं ते."

"काय?"

"तुझ्या वाट्याचं होतं. त्याच्याकडं कसं गेलं?"

मी तिच्यावर ओरडले नाही. आयुष्यात एवढं शहाणपण एकदाच दाखवलं असेल. मला तिचा राग येत होता आणि ती इतकी एकटी दिसत होती की रागाला धरायला जागा सापडेना. तिनं माझ्यावर माया कमी केली होती ती निर्दयपणानं नाही. जो जाणारच आहे त्याच्यात जीव अडकवायचा नाही, म्हणून. सगळा जीव तिनं राहणाऱ्यावर टाकला होता. तिला ती भाकरी उलटायचीही आठवण राहिली नाही, मीच उलटली.

याला काही वर्षं झाली. दुकान बंद आहे. भाऊ आता बोलतो ते भावजयीला आणि भाचीलाच नीट कळतं. त्याला पातळ चालत नाही, ठसका लागतो. म्हणून सगळं घट्टसर करून, एकेक घास गिळेपर्यंत थांबून भरवावं लागतं. थोरले काका खूप थकलेत, पण हात अजून स्थिर. आणि त्यांनी फोनवर आईला नवा नियम सांगितलाय. "आता उलटं फिरलं म्हणायचं. आपल्या बाबांच्या तोंडवळ्याला ते या खेपेला शिवलं नाय. जी बापासारखी होती ती वाचली." आईला तो नियम एका रात्रीत पाठ झाला. ती भाचीच्या केसांना तेल लावताना तिच्या रुंद कपाळावरून हात फिरवते आणि म्हणते, "तू आत्यावर गेलीस माझी बाई, तुला काय नाय होत." माझ्यावर पुरी न केलेली माया ती त्या कपाळावर ओतते. मी ते बघते. मला तिचं तोंड बंद करावंसं वाटतं आणि तिचं खरं व्हावं असंही वाटतं. वर्गात मी अजून तेवीस गाड्या शिकवते, आणि घरी येऊन भाचीच्या भुवया बघते, माझ्यासारख्याच आहेत ना म्हणून. इतकी वर्षं ज्या नियमाला शिव्या दिल्या, त्याच्याच पाया पडायची माझी तयारी आहे.

दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलंय की लहान मुलांची ही तपासणी करत नाहीत. ती सज्ञान झाली की तिचं ती ठरवेल. तोवर निम्मं.

गेल्या रविवारी दुपारी मी ओट्यापाशी भावासाठी रव्याची खीर घट्ट करत होते. भाची आली, पाठीला पाठ लावून उभी राहिली. ती आता माझ्याएवढी उंच झालीय.

"आत्या, आजी म्हणती मी तुझ्यावर गेलेय, म्हणून मला काय होणार नाय. खरंय का?"

हो म्हणायला मला काहीही लागलं नसतं. तोंडवळा तर खरंच माझा होता. खीर ढवळता ढवळता मी हो म्हणाले असते तर तिला एक दुपार सुखाची मिळाली असती. पण मला तो फोटो आठवला, तिच्या बापाच्या गालाला लावून धरलेला, आणि तिची आई गजाला धरून उभी राहिलेली.

"नाही," मी म्हणाले. "तोंडाचा आणि त्याचा काही संबंध नाही."

तिनं माझ्याकडं तोंड फिरवलं. "मग तू कशी वाचलीस?"

"नुसतीच."

"नुसतीच?"

"हो. नुसतीच. आणि तुझ्या बाबानंही काही केलेलं नव्हतं."

बाहेरच्या खोलीतून भावानं हाक मारली, म्हणजे जो आवाज आता हाकेचा असतो तो केला. भाचीनं ओढणीनं डोळे पुसले, खिरीची वाटी एका हातात घेतली, बापाचं तोंड धुवायला पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा ग्लास दुसऱ्या हातात घेतला आणि चालायला लागली. मी तिच्या हाताकडं बघत राहिले. दारातून वळून ती बापाजवळ खाली बसेपर्यंत पाण्याचा एक थेंब सांडला नाही.

तिच्या वयात तिच्या बापाच्या हातूनही सांडत नव्हता.